शिडी

“एवढ्या वर दार? मग सुनांनी पान्याच्या घागरी कशा न्यायच्या गं?”

आत्याबाई मान मागं टाकून त्या दगडी मनोऱ्याकडे बघत होत्या. अंगावर सुती लुगडं, त्यावर संग्रामचं निळं जाकीट, पायात माझे धावायचे बूट. मनोरा गोल, उंच, टोकाला निमुळता होत गेलेला. दार होतं, पण दोन पुरुष एकमेकांच्या खांद्यावर उभे राहिले तरी हाताला लागणार नाही इतक्या उंचीवर.

“इथं सुना नव्हत्या, आई,” संग्राम म्हणाला. “नुसते साधू राहायचे. ख्रिस्ती साधू. हजार वर्षांपूर्वीचं आहे हे.”

“तरीच,” आत्याबाई म्हणाल्या.

आम्ही तेव्हा राहायचो त्या डब्लिनहून दोन तासांवरचं हे गाव. त्याचं नाव मला तेव्हाही नीट उच्चारता आलं नाही आणि आजही येत नाही. मनोरा, शेजारी छप्पर उडालेलं जुनं चर्च, भोवती वाकडीतिकडी थडगी आणि त्यांच्यामध्ये चरणाऱ्या मेंढ्या. आम्हाला लग्न होऊन सात वर्षं झाली होती. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, पहिल्यांदाच आमच्याकडे आल्या होत्या आणि त्यांना रोज कुठंतरी फिरवून आणणं ही संग्रामची पळवाट होती. घरी बसलं की एकच विषय निघायचा.

संग्रामनं फलक वाचून सांगितलं, “समुद्रावरून लुटारू यायचे. ते आले की साधू आपलं सोनंनाणं, पोथ्या घेऊन शिडीनं वर चढायचे आणि शिडी वर ओढून घ्यायचे. असं काही लोक मानतात.”

“आन खाली ऱ्हायल्याली?”

“खाली कोण राहिलेले?”

“गावातली मान्सं. बाया. त्यांचं काय हुयाचं?”

संग्रामनं फलक पुन्हा वरपासून खालपर्यंत बघितला. “ते काही लिहिलेलं नाही, आई.”

चर्चच्या आतल्या भागाला लोखंडी जाळीचं कुलूपबंद दार होतं. किल्ली समोरच्या घरात मिळेल, अशी पाटी होती. त्या देशात अशी पद्धत आहे. जुन्या वास्तूची किल्ली शेजारच्या एखाद्या घराकडे असते. आपल्याकडे गुरव नसला की देवळाची किल्ली असते तशी. मी दार वाजवलं, तर एक थोराड, गुलाबी गालांची म्हातारी हात पुसत बाहेर आली. मिसेस डोलन. किल्ली नुसती देऊन ती घरात गेली असती तर पुढचं काही घडलं नसतं. पण आत्याबाईंचं लुगडं बघून तिला एवढं कौतुक वाटलं, की गळ्यात मफलर अडकवून ती आमच्याबरोबरच निघाली.

संग्रामविषयी सांगायला हवं. माणूस वाईट नाही. पगार आणून हातात देतो, भांडी घासतो, माझ्या आईच्या ऑपरेशनच्या वेळी पंधरा दिवस दवाखान्यात तोच झोपला होता. मूल होत नव्हतं म्हणून लग्नाच्या दुसऱ्या वर्षी आम्ही दोघांनी तपासण्या केल्या. माझं सगळं ठीक होतं. त्याचं नव्हतं. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं, औषधानं यात काही फरक पडणार नाही. त्या दिवशी तो माझ्या मांडीवर डोकं ठेवून लहान पोरासारखा रडला आणि मला शपथ घालून म्हणाला, “आईला कधी कळू देऊ नकोस. गावाला कळलं तर मी तोंड दाखवू शकणार नाही.” त्याचं रडणं मला बघवलं नाही. मी हो म्हटलं. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हटलं. मूठ झाकायला माझा हात वापरला जातोय, हे तेव्हा ध्यानात आलं नाही.

मग सुरू झाला तोंड दाबून बुक्क्यांचा मार. सोमवार, चतुर्थ्या, कुणाकुणाचे अंगारे. धाकट्या जावेच्या डोहाळजेवणाला मी मुद्दाम रजा काढून गेले, तर ऐन ओटी भरायच्या वेळी आत्याबाई हळूच कानाशी येऊन म्हणाल्या, “केतकी, तू जरा आत पुऱ्यांकडं बग.” पुऱ्या केव्हाच तळून झाल्या होत्या. मूल नसलेल्या बाईच्या हातची ओटी नको, एवढाच त्याचा अर्थ होता. मी थंड कढईसमोर उभी राहिले. बाहेर बायका हसत होत्या, उखाणे घेत होत्या. संग्रामला अंगणातून सगळं दिसत होतं. तो वाकून बुटाची नाडी बांधत होता.

ही त्याची जुनी खोड. शाळेत मार्क विचारले की हा नाडी बांधायला वाकायचा; पायात चप्पल असली तरी वाकायचा. हे मला आत्याबाईंनीच हसत हसत सांगितलं होतं.

मिसेस डोलननं कुलूप काढलं. आत ओल होती आणि कबुतरांची फडफड. ती आम्हाला एका कमानीखाली घेऊन गेली आणि बोट वर करून म्हणाली, “आणि ही आमची शीला.”

मी बघितलं आणि कानशिलं तापली. दगडात कोरलेली बाई; असल्या मूर्तीला तिकडं शीलाच म्हणतात. मोठं टकलं डोकं, बटबटीत डोळे आणि दोन्ही गुडघे फाकवून, स्वतःच्या हातांनी सगळं उघडं करून बसलेली. चर्चच्या भिंतीत! आमच्या मागून एक वयस्क जोडपं कुत्रं घेऊन आत आलं होतं, तेही वर बघत होतं. संग्राम घाईघाईनं म्हणाला, “आई, चल, तिकडं जुना क्रूस आहे, तो बघू.”

आत्याबाई हलल्या नाहीत. त्यांनी पायातले बूट काढले, हात जोडले आणि डोळे मिटले.

“आगं, ही तर आपली ओढ्याकाठची माउली,” त्या म्हणाल्या. “हिला डोस्कं हाय आन आपलीला न्हाई, एवढंच. हितं कवा आली गं ही?”

आमच्या सासरच्या गावी ओढ्याकाठी खरंच तशी एक मूर्ती आहे. बिनडोक्याची, तशीच बसलेली. मूल होत नसलेल्या बायका तिला तेल घालतात. मलाही नेलं होतं तिथं. मी तेल घातलं होतं आणि संग्राम रस्त्यावर मोटारीत बसून होता.

“या बाई काय म्हणतायत?” मिसेस डोलननं विचारलं.

मी सांगितलं, आमच्याकडेही अशी देवी आहे. तशी म्हातारी खुलली. म्हणाली, “पूर्वी इथल्याही बायका यायच्या हो. माझी आजी सांगायची. मूल हवं असलं की हिला हात लावायचा. बघा ना, दगड कसा झिजलाय तो. फादरना आवडायचं नाही. पण फादरना काय कळतंय त्यातलं!”

हे मी आत्याबाईंना सांगायलाच नको होतं. पण “काय म्हंती? काय म्हंती?” म्हणून त्यांनी बाहीच धरली, तेव्हा सांगून टाकलं. झालं. त्यांनी खांद्यावरची पिशवी खाली घेतली आणि तिच्यातून एक गाठोडं काढलं.

ते गाठोडं मी ओळखलं. ओढ्याकाठच्या माउलीपुढं ठेवून आणलेली ओटी. हिरवा खण, त्यात बांधलेले तांदूळ, हळकुंड, सुपारी. नारळ विमानतळावर काढून घेतला होता, म्हणून डब्लिनच्या दुकानातून दुसरा घेतला, तो बिनशेंडीचा निघाला म्हणून त्या दोन दिवस हळहळत होत्या. आत्याबाई विधवा. त्यांच्या हातानं ओटी भरणं चालत नाही, असं त्या स्वतःच मानायच्या. मुलंबाळं असलेली सवाशीण हवी होती आणि मी तीन आठवडे काही ना काही सांगून ती मिळू दिली नव्हती.

“ह्या बाईला इचार,” आत्याबाई म्हणाल्या, “नवरा हाय का?”

“आत्याबाई, इथं नको. असं कुणाला विचारत नाहीत इकडं.”

“माउलीच्या दारात थोरली बाई भेटल्या, आन नको म्हंतीस? इचार.”

मी संग्रामकडे बघितलं. तू थांबव, एवढंच त्या नजरेत होतं. तो म्हणाला, “विचार ना, काय फरक पडतो. तिचं समाधान होईल.”

मी विचारलं. मिसेस डोलन आधी चकित झाली, मग हसली. “आहे की. टीव्हीसमोर आहे. जिवंत असावा असा अंदाज आहे.”

“लेकरं किती?”

“पाच. आणि नातवंडं विचारू नका, मलाच पाठ नाहीत.”

आत्याबाईंचा चेहरा उजळला. त्यांनी खणाचं गाठोडं सोडलं, मिसेस डोलनच्या ओंजळीत तांदूळ घातले, नारळ दिला आणि मला म्हणाल्या, “जाकिटाचा वटा कर. फुडं धर. आन सांग तिला, माज्या सुनंची कूस उजवत न्हाई. सात वर्सं झाली. तुज्या हाताला यश हाय, तर हिची वटी भर. सांग.”

मी नुसती जाकिटाची टोकं पुढं धरली.

“सांग की गं. लाजतीस काय? ह्यात लाजायचं काय हाय?”

त्या जोडप्यानं कुत्र्याला जवळ ओढलं होतं आणि आमच्याकडे बघत नसल्याचं दाखवत ते बघत होते. माझ्या डोक्यावर ती उघडी बाई. समोर ओंजळभर तांदूळ घेऊन उभी असलेली परकी म्हातारी. आणि माझी नालस्ती मीच, माझ्याच तोंडानं, चांगल्या इंग्रजीत करून द्यायची होती. गावाकडं निदान दुसरे बोलायचे आणि मी खाली मान घालायचे. इथं दुभाषीही मीच. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. अंगावर कपडा नाही असं वाटत होतं.

मी सांगितलं. शब्दाला शब्द सांगितलं.

मिसेस डोलनचं हसू गेलं. ती पुढं झाली आणि अगदी आवाज खाली आणून म्हणाली, “पोरी, डॉक्टर काय म्हणतात? तुला काय त्रास आहे?”

इतक्या वर्षांत हा प्रश्न मला असा कुणी विचारलाच नव्हता. सगळ्यांना उत्तर माहीत होतं. मी तोंड उघडलं तेव्हा काय बोलणार आहे, हे माझं मलाच ठाऊक नव्हतं.

“माझ्या सासूला वाटतं, दोष माझ्यात आहे,” मी इंग्रजीत म्हणाले. “माझ्यात नाही.”

मिसेस डोलनची मान सावकाश वळली. तिनं संग्रामकडे बघितलं.

आत्याबाईंना इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं. पण उत्तराची वाट बघत त्या मिसेस डोलनच्या तोंडाकडेच डोळे लावून होत्या. तिची नजर जिकडं गेली तिकडं त्यांचीही गेली.

संग्राम खाली वाकला होता. नाडी बांधत होता.

कबुतरं फडफडली आणि गप्प झाली. आत्याबाई त्याच्या वाकलेल्या पाठीकडे बघत राहिल्या. मग माझ्याकडे बघितलं, पुन्हा त्याच्याकडे. त्यांच्या तोंडावरचा रंग उतरत गेला.

“संग्राम, उठ,” त्या म्हणाल्या. “नाडी सुटल्याली न्हाई.”

तो उठला. कान लालबुंद झाले होते.

“ती बाई तुज्याकडं का बगाय लागल्या?”

“आई, घरी गेल्यावर बोलू.”

“हिला हितं उभी केली, तवा का न्हाई म्हनलास, घरी गेल्यावर बोलू.”

एकदा त्यानं माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. सापडलेल्या पोराचं तोंड होतं ते.

“तुज्यात हाय व्हय?” आत्याबाईंनी विचारलं.

त्यानं मान डोलावली.

“कवाधरनं म्हाईत हाय?”

“पाच वर्षं.”

“पाच वर्सं,” आत्याबाई म्हणाल्या. “हिला पुऱ्यांकडं धाडली, तवा?”

“हो.”

“माउलीला त्याल घातलं, तवाबी? तू मोटारीत बसलावतास.”

“आई, लोक बघतायत.”

“बगूंदेत. मघापास्नं लोकच बगत्यात.” त्यांचा आवाज चढला नव्हता, उलट खाली गेला होता. “सोता वर चढलास आन शिडी वढून घेतलीस रं. खाली हिला ठिवलीस. आन मी तर त्या लुटारूंच्यात.”

त्यांनी मिसेस डोलनच्या ओंजळीखाली आपला पदर धरला आणि तांदूळ परत घेतले. नारळ काखेत मारला. मग संग्रामपुढं जाऊन उभ्या राहिल्या.

“कोटाचा वटा कर.”

“आई!”

“कर म्हंते न्हवं.”

त्या सहा फुटी माणसानं आपल्या कोटाची टोकं दोन्ही हातांनी पुढं धरली. आत्याबाईंनी पदरातले तांदूळ त्यात ओतले, हळकुंड, सुपारी टाकली आणि वर तो बिनशेंडीचा नारळ ठेवला.

“माजा हात चालत न्हाई, रांडमुंडीचा,” त्या म्हणाल्या. “पर बाप्याच्या वटीला चालत न्हाई, असं कुनी मला सांगितल्यालं न्हाई.”

आणि संग्राम रडायला लागला. आवाज नाही, काही नाही. नुसते डोळे वाहत होते आणि कोटाची टोकं धरलेली असल्यानं त्याला ते पुसताही येत नव्हते. आत्याबाईंनी आपल्या पदराचा शेव घेऊन त्याचं तोंड पुसलं, लहानपणी पुसत असतील तसं, जरा खसाखसा.

हा प्रसंग मी मनात किती वेळा रंगवला होता! कढईसमोर उभी असताना रंगवला होता, उपासाच्या दिवशी रंगवला होता. प्रत्येक वेळी मी त्यात ताठ मानेनं उभी असायचे. प्रत्यक्षात मला वर बघवेना. आधीची लाज माझी होती, ती निदान सवयीची झाली होती. ही त्याची होती, आणि ती बघणं मला जास्त जड गेलं. मी जमिनीकडे बघत उभी राहिले. जमिनीवर सांडलेले तांदूळ टिपायला एक कबूतर खाली उतरलं.

मिसेस डोलन हळूच माझ्याजवळ आली. “हे असंच करतात का तुमच्याकडे?” तिनं विचारलं.

“नाही,” मी म्हणाले. “असं कुणीच करत नाही.”

तिनं मान डोलावली, जणू सगळं समजलं. मग तिनं माझा गार पडलेला हात आपल्या दोन्ही हातांत घेऊन चोळला आणि कुलूप लावायला दाराकडे गेली.

मोटारीत आत्याबाई नेहमी पुढं, लेकाशेजारी बसायच्या. त्या दिवशी त्यांनी मागचं दार उघडलं आणि माझ्या शेजारी येऊन बसल्या. नारळ पुढच्या रिकाम्या सीटवर होता. संग्राम गाडी चालवत होता. आरशात त्याचे सुजलेले डोळे दिसत होते. दोन्ही बाजूंना दगडी बांध, हिरवी शेतं, मेंढ्या.

आत्याबाई खिडकीबाहेर बघत होत्या. मग बाहेर बघतच म्हणाल्या, “पुऱ्या तळून झाल्या व्हत्या, म्हाईत व्हतं मला.”

मी त्यांच्याकडे बघितलं.

“मला सांगितलं का न्हाईस गं? एक डाव कानात सांगायचंस.”

“शपथ घातली होती त्यांनी.”

“कुनाची? सोताची?”

मी आरशात बघितलं. संग्रामनं डोळे रस्त्यावरून हलवले नाहीत.

“तुमची,” मी म्हणाले. “बोललीस तर आईचं बरंवाईट होईल, म्हणाले.”

आत्याबाई माझ्याकडे वळल्या. आमच्याकडे अशा शपथेला किती भितात, ते त्यांना सांगायची गरज नव्हती. त्यांच्या तोंडाकडे बघताना मला पहिल्यांदा ध्यानात आलं, की एवढी वर्षं मी ज्यांच्या जिवाला जपून गप्प राहिले, त्यांनीच मला बोल लावले. आणि यातलं काहीच त्यांना ठाऊक नव्हतं.

“म्हंजी माज्या जिवासाटनं तू...” त्यांनी पदर तोंडाशी धरला. त्यांचे खांदे हलत होते. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. त्यांनी तो झटकला नाही.

खूप वेळानं त्यांनी नाक पुसलं. पदराच्या घडीत तांदळाचे दोन दाणे अडकले होते. ते चिमटीनं काढून त्यांनी माझ्या तळहातावर ठेवले आणि माझी मूठ मिटवली.

“मोडलीस न्हवं शपत?” त्या म्हणाल्या. “मग बग. मी जित्ती हाय. शरमंनं मेले तेवढीच.”